इंग्रजीत फोन ‘टांगतात’ तो कशाला?

मोबाइलच्या पडद्यावर नुसते बोट टेकवून बोलणे संपवले तरी इंग्रजीत त्याला ‘हँग अप’, म्हणजे टांगून ठेवणे, का म्हणतात आणि वस्तू गेल्यावरही मागे उरलेले असे आणखी कोणते प्रयोग आहेत, असे आपण विचारले आहे.

या प्रयोगामागे खराखुरा आकडा, म्हणजे हुक, होता. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ साली टेलिफोनचे पेटंट मिळाले. त्यानंतर कित्येक वर्षे बोलायचा भाग यंत्रालाच पक्का बसवलेला असे आणि ऐकायचा भाग तेवढा वायरीने जोडलेला, हातात धरून कानाशी न्यायचा. बोलणे संपले की तो बाजूच्या आकड्याला टांगायचा. त्याच्या वजनाने आकडा खाली येई आणि जोडणी तुटे. मेजावर तसाच ठेवून दिला तर लाइन चालूच राही. पुढे दोन्ही भाग एकाच आडव्या रिसीव्हरमध्ये आले, टांगणे संपले, पण क्रियापद राहिले. आपला ‘फोन ठेवला’ हा प्रयोग त्या आडव्या रिसीव्हरशी जुळतो आणि आता तोही तितकाच जुना झाला आहे.

‘डायल’चेही तेच. हा शब्द मुळात सूर्यघड्याळाच्या तबकडीचा; तिथून तो घड्याळाकडे आणि मग फोनकडे आला. फोनची तबकडी फिरवून सोडली की ती परत येताना ‘एक’ या अंकाला एक, शून्याला दहा विद्युत्स्पंद जात. आमच्या घरच्या काळ्या फोनवर शून्य फिरवल्यानंतर तबकडी करकरत जागेवर येईपर्यंत थांबावे लागे. ‘जरा नंबर फिरव’ असे माझी आई अजूनही म्हणते आणि मला ते फार गोड वाटते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘अप्पर केस’ हा शब्द, कारण उमेदीची काही वर्षे मी एका लहान छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवले आहेत. इंग्रजी खिळ्यांच्या दोन केसेस, म्हणजे कप्प्यांचे ट्रे, एकीवर एक तिरक्या लावलेल्या असत. वरच्या केसमध्ये मोठी अक्षरे, तर सतत लागणारी लहान अक्षरे खालच्या केसमध्ये, हाताशी. ‘ई’ हे अक्षर इंग्रजीत सर्वाधिक लागते, म्हणून त्याचा कप्पा सगळ्यांत मोठा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, पण काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे केसेस कितीतरी अधिक लागत.

ईमेलमधला ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी: टंकयंत्रात दोन कागदांमध्ये कार्बन घालून काढलेली, खालची, किंचित पुसट प्रत.