फोटो साधा असला तरी तक्रार होते

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगली जिल्ह्यातली, वय २६. साखरपुडा झाला होता पण पुढे आम्ही लग्न मोडलं. आता कोणीतरी माझ्या नावानं इन्स्टाग्रामवर फेक अकाउंट काढलंय, साखरपुड्यातले माझे फोटो टाकलेत आणि खाली 'मी दागिने घेते आणि लग्न मोडते' असं लिहिलंय. त्याचे स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतायत. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले फोटो साधाच आहे, फार तर एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो. बाबा म्हणतात शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, अकाउंट रिपोर्ट कर आणि सोड. काय करू?

उत्तर: अगं, रिपोर्टचं बटण दाबायच्या आधी पुरावा गोळा कर, हे आधी सांगते कारण निम्म्या केसेस इथंच ढिल्या पडतात. अकाउंट उडालं की तुला आनंद होतो पण हातात काहीच उरत नाही. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव, नुसतं नाव नको कारण नाव कधीही बदलता येतं, मग प्रत्येक पोस्टचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घे आणि अकाउंट उघडण्यापासून पोस्टपर्यंत सगळं स्क्रीन रेकॉर्ड कर. ग्रुपवरचं ज्या भावाच्या नाहीतर मावशीच्या फोनवर आलंय त्यांना सांग, चॅट डिलीट करू नका आणि फोन विकू नका, कारण असा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि ते तो फोन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना द्यावं लागतं, शिवाय त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातच २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ उपकरण कोर्टापुढं आणलं नसेल तर हे प्रमाणपत्र हवंच. तेव्हा कायदा जुना होता पण नियम आजही तोच आहे.

आता पोलिसांचं. फोटो साधा असेल तर अश्लीलतेचं कलम लागत नाही एवढंच खरं आहे, पण तुझी तक्रार अश्लीलतेची नाहीच आहे ना! तुझ्या नावानं, तुझा चेहरा लावून दुसरं कोणी बोलतंय. अशा फेक अकाउंटला आयटी कायद्याचं कलम ६६सी (ओळखीची चोरी) आणि ६६डी (तोतयेगिरी करून फसवणूक) सहसा लावतात, दोन्हीत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे एफआयआर घ्यायलाच हवा. एनसी म्हणतात ती फक्त बदनामीसाठी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, ते अदखलपात्र आहे आणि त्यासाठी तुला मॅजिस्ट्रेटकडं स्वतः तक्रार करावी लागते. म्हणून अर्जात 'माझी बदनामी झाली' एवढंच लिहू नकोस, 'माझ्या नावानं आणि फोटोनं खोटं अकाउंट चालवलं जातंय' हे पहिल्या ओळीत लिही. आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पीआय किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, तेव्हा टेबलावरच्या हवालदारांनी नाही म्हटलं की परत फिरू नकोस, पीआय साहेबांना भेट आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घे. तरीही नाही घेतलं तर तोच अर्ज पोस्टानं एसपींना पाठव, मग मॅजिस्ट्रेट. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार टाक. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथं वेळ घालवू नकोस.

हे झालं की मग रिपोर्ट कर, आणि करताना 'माझ्या नावानं खोटं अकाउंट' हाच पर्याय निवड. आयटी नियम २०२१ प्रमाणे तोतयेगिरीच्या किंवा मॉर्फ केलेल्या फोटोच्या तक्रारीवर कंपनीला आता २ तासांपेक्षा जास्त वेळ लावता येत नाही, फेब्रुवारी २०२६ च्या बदलाआधी ही मुदत २४ तास होती. काढलेल्या मजकुराची नोंद त्यांना १८० दिवस जपावी लागते, म्हणून पोलिसांच्या मागं लगेच लाग, त्यांनी वेळेत मागितली तरच ती मिळते. कंपनीनं ऐकलं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं. आणि साखरपुड्याचे फोटो तुमच्या घरच्यांनी पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतले असतील, वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट तुमचा, त्या कारणानंही ते उतरवता येतात.

बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांची काळजी मला कळते, पण गप्प बसल्यानं दागिन्यांची गोष्ट खरी वाटायला लागते आणि उद्या दुसरं स्थळ आलं की तेच स्क्रीनशॉट पुढं येतात. शिवाय मुदत आहे! बदनामीची नुकसानभरपाई मागायची तर दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो आणि हे फार लोकांना माहीत नसतं. त्याच दाव्यात पुढं काही टाकू नये म्हणून मनाईहुकूम पण मागता येतो. माणूस कोण ते माहीत नसलं तरी अडत नाही, आपल्याकडं असे आदेश 'अशोक कुमार' या, अनोळखी माणसासाठी वापरायच्या काल्पनिक नावाविरुद्धसुद्धा निघतात. एक मात्र कर, ज्याच्याशी साखरपुडा झाला होता त्या मुलाचे फोटो टाकून उत्तर देऊ नकोस, संशय कितीही असला तरी, कारण उलटी तक्रार तुझ्यावर येईल.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानं खजिनदारांचा फोटो टाकून खाली 'चोर' असं लिहिलं. मी अ‍ॅडमिन आहे, माझ्यावर केस होईल का? (डोंबिवली)

उत्तर: दादा, नुसतं अ‍ॅडमिन असल्यामुळं नाही. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं हेच सांगितलं, सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही, आधीपासून दोघांचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही स्वतः ती पोस्ट दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केली असेल तर ते तुमचं प्रकाशन धरलं जाऊ शकतं. आजच ती पोस्ट सर्वांसाठी डिलीट करा, त्याआधी स्क्रीनशॉट काढून खजिनदारांना द्या, त्यांना तो लागणार आहे.