विसार देऊ नका, आधी सातबारा काढा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आठ कुटुंबं, नऊ वर्षं गायरानात पालं, गेल्या महिन्यात अतिक्रमणाची नोटीस. आता ओळखीचा शेतकरी रस्त्याकडेचे दहा गुंठे साडेतीन लाखांना द्यायला तयार आहे आणि म्हणतोय, ‘खरेदीचं नंतर बघू, सध्या पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू.’ त्यावर घरं बांधायची परवानगी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळणार नाही. शनिवारी विसार (आगाऊ रक्कम) देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी नाथपंथी डवरी गोसावी, भटक्या जमातीतला. २०१२ साली आम्ही नेमकं हेच केलं होतं. चौदा कुटुंबं, बारा गुंठे, प्रत्येकी वीस हजार म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. कुणी ऊसतोडीची उचल घेतली, कुणी चांदी मोडली. माझ्या आईनं पायातल्या वाळ्या दिल्या. विकणारे अण्णा खरंच चांगले होते, हे आधी सांगतो. त्यांनी स्वतःच्या विहिरीवरून आम्हाला पाणी दिलं. त्यांच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच आम्हाला कागदाचं काही वाटलं नाही. शंभराचा स्टॅम्प (तेव्हा शंभराचा चालायचा), नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, खाली चौदा अंगठे आणि सह्या. आईनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत देवाच्या टाकांजवळ ठेवला होता.

तीन वर्षांनी अण्णा गेले. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर दोन्ही मुलांची नावं लागली आणि धाकटा मोजणी घेऊन आला. आमची पत्र्याची घरं त्याच्या हद्दीत. वकिलाकडे गेलो तेव्हा जे कळलं ते तुम्हाला आज, पैसे देण्याआधी कळावं म्हणून एवढं लिहितोय.

पहिली गोष्ट, शेतजमीन कुणीही विकत घेऊ शकत नाही. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ सांगतं की घेणारा शेतकरी असला पाहिजे, नसेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. (मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कुळकायदा आहे, तिथलं कुणी वाचत असेल तर त्यानं तो बघावा.) आपल्या लोकांच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर शेत नाही, मग शेतकरी दाखला आणायचा कुठून? दुसरी गोष्ट तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी. २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलंय. तुमचे दहा गुंठे जिरायत असतील तर तिथंच गाडी अडते. या नियमांत सारखे बदल होतात, म्हणून व्यवहार करायच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, एजंटाला विचारू नका. तिसरी गोष्ट, अण्णांच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहिलेला होता. उघड लिहिलेला. मी तेव्हा बारावी झालो होतो, चौदा घरांत वाचता येणारा मी एक होतो आणि मी तो सातबारा मागितलासुद्धा नाही. हे मला अजून सलतं.

आता जे सगळ्यात महागात पडलं ते. पैसे गेले, ते एकवेळ सोसलं. त्या कागदानं आमची चार वर्षं खाल्ली.

धाकट्यानं नोटीस दिल्यावर आम्ही यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत अर्ज केला. योजना २०११ पासूनची, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी: कुटुंबाला पाच गुंठे जागा, त्यावर २६९ चौरस फुटांचं घर, वसाहतीला रस्ता, पाणी, वीज. अर्जदार भूमिहीन पाहिजे, राज्यात कुठं स्वतःचं घर नको. एका कार्यालयात (नाव घेत नाही, तिथली माणसंही आता बदललीत) टेबलावरच्या बाबूंनी विचारलं, ‘सध्या राहता कुठं?’ मी खरं सांगितलं आणि पुरावा म्हणून स्टॅम्पपेपरची झेरॉक्स जोडली. सहा महिन्यांनी फाईल परत आली. शेरा होता, अर्जदारांनी जमीन खरेदी केलेली असल्याने ते भूमिहीन नाहीत.

बरं, मग ती जमीन आमची ना? तोच कागद घेऊन घरांची नोंद नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत) लावा म्हणून दुसरीकडे गेलो. तिथं उत्तर मिळालं, या कागदाला काही किंमत नाही, जमीन तुमच्या नावावर नाही. म्हणजे एका टेबलावर आम्ही जमीनमालक आणि दुसऱ्या टेबलावर अतिक्रमणवाले. दोघांनीही लेखी दिलं होतं. ती दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून मी साहेबांना दाखवली, तर साहेब म्हणाले, ‘मग तुम्हीच ठरवा तुम्ही कोण आहात.’ माझे वडील बाजूला उभे होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी परत येताना म्हणाले, ‘पाल बरं होतं, पाल कुणी कागदावर मागत नव्हतं.’

यातून सुटका कशी झाली, ते नीट लक्षात ठेवा. भूमिहीन आहे की नाही हे महसुली दप्तरावरून ठरतं, नोटरीवरून ठरत नाही. आम्ही तलाठ्यांकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या नावे ८-अ ला (जमिनीच्या खातेउताऱ्यात) खातंच नाही, असा दाखला घेतला. माहिती अधिकारात आमच्याच फाईलवरच्या टिपण्या मागवल्या. तेव्हा दिसलं की ‘जमीन खरेदी’ हा शेरा कुणीही सातबारा न बघता लिहिला होता. ते सगळं जोडून पुन्हा अर्ज केला. हे काम दोन महिन्यांचं होतं. पण हे करायचं असतं, हे कळायलाच आम्हाला तीन वर्षं लागली. तोवर तीन कुटुंबं कंटाळून खानदेशाकडं निघून गेली. ती आजही पालात आहेत. त्यांची नावं यादीतून गेली ती गेलीच.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमचा स्टॅम्प अजून झालेला नाही ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. आज तुम्ही स्वच्छ भूमिहीन आहात. तसेच राहा.

मी वकील नाही. आमच्या जिल्ह्यात जे घडलं ते सांगतोय. तालुका बदलला की साहेब बदलतो आणि साहेब बदलला की कागदांची यादी बदलते. तरीही माझं मत ठाम आहे.

त्या शेतकऱ्याची नियत साफ असेल तर एक वाट आहे. जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे का ते बघा. असेल तर जमीन महसूल संहितेखाली त्याला स्वतःच्या नावावर, ठरलेली रक्कम भरून, ती जागा बिगरशेती करून घेता येते. बिगरशेती प्लॉट घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. आराखडा मंजूर करून घ्यायचा, मग रीतसर नोंदणीकृत खरेदीखत. यात त्याला खर्च आहे आणि वेळ आहे. त्यानं ‘कशाला एवढी भानगड’ म्हटलं की समजा, भानगड पुढं तुमच्या गळ्यात येणार आहे. शिवाय दहा गुंठ्यांत आठ कुटुंबं म्हणजे वाट्याला सव्वा गुंठा. पोरं मोठी झाल्यावर काय करणार? घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव असेल तर ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. आधी ५० हजार होती, आता १ लाखापर्यंत आहे. पंचायत समितीत विचारा.

पण माझ्या मते तुम्ही मुक्त वसाहतीच्या मागे लागा. आमच्या वेळी एका वसाहतीला २० कुटुंबं लागायची, पुढं ती अट १० वर आली, तेव्हा कुठं आमच्या उरलेल्या अकरा घरांना तोंड फुटलं. तुम्ही आठ आहात. जवळपास पालात राहणारे पाहुणे असतील तर त्यांना सोबत घ्या. नुसता आकडा भरायला गावात घर असलेल्या भावकीची नावं घालू नका, एकाची चौकशी फसली की सगळ्यांची फाईल खाली जाते. दहा जमलेच नाहीत तर वैयक्तिक लाभाची तरतूद आहे, तिची चौकशी इतर मागास बहुजन कल्याणच्या सहायक संचालकांकडे (आमच्या वेळी समाजकल्याणचे सहायक आयुक्त होते) लेखी करा. लेखी म्हणजे आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेऊन. तोंडी विचारलेलं कुणाला आठवत नाही.

गायरानाच्या नोटिशीबद्दल. तुम्हाला ‘सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे’ असं सांगितलंय, तसं आम्हालाही सांगत. तो २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्याचा निकाल. गायरानावरची अतिक्रमणं काढा, असं त्यात आहे आणि आपल्या राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय त्यावरच उभा आहे. पण त्याच निकालात अपवादही लिहिलाय: शासनाच्या अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, किंवा जागेवर आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल. कार्यालयात निकालाचा पहिला भाग वाचतात आणि शेवटचा सोडतात. मात्र या अपवादानं तुम्हाला जागा मिळेल, असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे पट्टा नाही. १ जानेवारी २०११ पूर्वीच्या राहत्या घरांची सवलतही नऊ वर्षांच्या वस्तीला लागू होत नाही. तेव्हा गायरानासाठी भांडण्यात शक्ती घालवू नका, नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या: आम्ही भूमिहीन भटके आहोत, मुक्त वसाहतीसाठी अर्ज केलाय, पर्यायी जागा मिळेपर्यंत थांबावं. आणि गाव नमुना १-ई मध्ये तुमच्या नावांची नोंद आहे का ते बघा. ती अतिक्रमणाची नोंदवही आहे, पण तुम्ही इतकी वर्षं तिथं राहताय याचा सरकारी पुरावाही तीच आहे. आमच्या लोकांनी त्या वहीत नाव नको म्हणून तलाठी आले की पालं सोडून लपायचं ठरवलं होतं. चूक होती ती.

जातीच्या दाखल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठही घरांत असेल असं वाटत नाही. आपल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. शाळा न शिकलेल्या आजोबांचा शाळेचा दाखला कुठून येणार? म्हातारी माणसं साल सांगू शकत नाहीत, जत्रा सांगतात. माझी आजी म्हणायची, ‘तुझा चुलता मढीच्या जत्रेहून परततानाचा.’ मढीची कानिफनाथांची जत्रा रंगपंचमीची, आमची परतीची वाट ठरलेली. त्या वाटेवरच्या गावांची नावं आजीकडून लिहून घेतली आणि एकेका गावाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४, काढून बघत गेलो. पाचव्या गावात कोतवालाच्या हातची नोंद सापडली, आजोबांचं नाव आणि जात ‘गोसावी’. ते पान बघून मी तिथंच खाली बसलो. आज तुमच्याकडं जी म्हातारी माणसं आहेत त्यांना शेजारी बसवून वाट लिहून घ्या, हे काम उद्यावर टाकू नका.

मतदार यादीत नाव नसेल तर तेही करा. बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही, बूथ अधिकाऱ्यानं रात्री येऊन तो तिथंच झोपतो याची खात्री करायची असते. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल लिहीत बसत नाही, ते तुम्ही केलेलं असणार.

शेवटी गाव. ग्रामसभेत आपल्या विरोधात बोललं जातंच. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आमच्या पाच माणसांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. त्यानंतरच्या ग्रामसभेत आमच्याच गावात एकजण उठून म्हणाला, ‘अशांना गावात कशाला?’ तेव्हा आमच्या पोरांना शिकवणाऱ्या बाई उठल्या आणि त्यांनी नावानिशी सांगितलं की यातली कोणती पोरं कोणत्या इयत्तेत आहेत. आम्हाला जागा देण्याचा ठराव त्या दिवशी झाला. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी शाळेत जाऊन या, पोरांच्या पटाची नक्कल घ्या, बाईंना किंवा गुरुजींना विनंती करा. सरपंचांना एकट्यानं भेटू नका, आठही घरांतल्या बायका सोबत न्या.

आमचा जागेचा आदेश २०१९ ला आला. आई आता पाच गुंठ्यांत शेवगा आणि चार कोंबड्या सांभाळते. तो स्टॅम्पपेपर अजून पेटीत आहे, तिनं टाकू दिला नाही.

शनिवारच्या आधी त्या शेतकऱ्याचा गट नंबर घ्या, सातबारा काढून इथं टाका. त्याचं नाव आणि गट नंबर झाकून ‘इतर अधिकार’चा रकाना तेवढा दिसू द्या. मी रात्री नऊनंतर बघतो.