शीत एका पातेल्यातलं, भात दुसऱ्यातला

प्रश्न असा आला आहे : 'अमेरिकेतल्या एका आरोग्यपत्रकाचा अनुवाद करतोय. "अंडररिप्रेझेंटेड कम्युनिटीज इन प्रिसिजन मेडिसिन रिसर्च" याचं मी "अचूक औषध संशोधनातील अल्पसंख्याक समाज" असं केलं. चालेल का?'

'अल्पसंख्याक' आधी काढा. अल्पसंख्याक कोण, हे लोकसंख्येवरून ठरतं; इथे बघायची आहे ती अभ्यासातली हजेरी. जनुकं आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २०१६ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला होता. त्यात भाग घेतलेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले. त्या हिशेबात आपण भारतीय कुठल्या कोपऱ्यात असू ते बघा, आणि १४० कोटींच्या देशाला अल्पसंख्याक म्हणून दाखवा!

'समाज'सुद्धा नको. मराठीत 'आमचा समाज' म्हटलं की जात आली. अमेरिकेत २०१८ साली 'ऑल ऑफ अस' नावाचा, दहा लाख लोकांची आरोग्यमाहिती जमवायचा प्रकल्प सुरू झाला. त्यात कमी नोंद असलेल्यांमध्ये वंशाबरोबरच खेड्यात राहणारे, कमी उत्पन्नाचे, अपंग, पासष्टी ओलांडलेले असे सगळे धरले आहेत. म्हणजे आयोवातला म्हातारा गोरा शेतकरीही त्यात बसतो. 'समाजघटक' म्हणा.

'वंचित' तुम्ही लिहिलं नाहीत हे बरं झालं. तो शब्द ऐकला की आपल्याकडे आधी निवडणूक आठवते. 'वगळलेले' म्हटलं तर कोणीतरी मुद्दाम वगळलं असं होतं, ते दर वेळी खरं नसतं. 'कमी पडलेले' तर साफ उलटं : त्यात दोष त्यांच्याच माथी बसतो. कोशात शोभेल असा 'न्यूनप्रतिनिधित' आहे, पण तो एकदा मोठ्याने म्हणून बघा.

मूळ 'अंडररिप्रेझेंटेड' शब्दातली खोच कळायला आपल्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' आहे. ती परीक्षा खरी ठरते, कारण शीत त्याच पातेल्यातलं असतं. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. काही जनुकीय बदल त्याला कारण म्हणून नोंदले गेले होते. पण ताडून पाहायला जी निरोगी माणसं घेतली, त्यांत कृष्णवर्णीय नव्हते किंवा अगदी थोडे होते. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्यातले काही बदल कृष्णवर्णीयांमध्ये सर्रास आढळतात आणि निरुपद्रवी आहेत. तोवर काही रुग्णांच्या हाती चुकीचे अहवाल पडले होते. एका पातेल्यातलं शीत चेपून शेजारच्या पातेल्यातला भात कच्चा ठरवला. ही चूक उघड झाली तीही २०१६ मध्येच.

म्हणून मी 'तुरळक' सुचवेन. त्यात ना कोणावर ठपका, ना कोणाचा हेतू. नोंदीत फार थोडे दिसतात, एवढंच.

आता 'अचूक औषध'. अचूक म्हणजे न चुकणारं. तसा दावा कुठलाच डॉक्टर करणार नाही. आणि इथलं मेडिसिन म्हणजे गोळी नव्हे, उपचारपद्धती. माणसाची जनुकं, राहणी, परिसर बघून त्याला लागू पडेल ते द्यायचं, म्हणून 'नेमके उपचार'.

पत्रकात पुढे 'इन्क्लूड' येईलच. तिथे सवयीने 'समाविष्ट' लिहाल, पण जरा थांबा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. ते स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासालाही वापरलं गेलं. २०१० साली तो अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला त्यांना सात लाख डॉलर देऊन, उरलेले नमुने परत करून तडजोड करावी लागली. समाविष्ट ते झालेच होते. सामावून घेणं वेगळं.

तर : 'नेमक्या उपचारांच्या संशोधनात तुरळक दिसणारे समाजघटक'. मथळ्याला लांब होतंय, कबूल. पण नुसतं 'तुरळक घटक' करू नका, लोकांना हवामानाचा अंदाज वाटेल.