मुलाला हस्कीच पाहिजे, काय करू?

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला १४व्या मजल्यावर टू बीएचकेमध्ये राहतो. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, सकाळी साडेआठला निघतो ते रात्री आठलाच घरी. घरात सासूबाई असतात पण त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा ११ वर्षांचा, रील्स बघून हस्की कुत्राच पाहिजे म्हणून हटून बसलाय. मिस्टर म्हणतात लॅब (लॅब्रेडॉर) घेऊ, शांत असतो. काय घ्यावं?

उत्तर: ताई, हस्की नको. मुलगा रुसेल, रुसू दे. सायबेरियातल्या बर्फात गाडी ओढणारा कुत्रा तो, अंगावर केसांचे दोन थर, आणि कुत्र्याला काही आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो, पण आपल्याकडची हवा इतकी दमट की जिभेवरचं पाणीच नीट वाळत नाही. मे महिन्यात उपवन तलावाजवळ एका ओळखीच्यांकडे गेले होते तर त्यांचा हस्की बाथरूमच्या लादीवर पोट टेकून, चारी पाय फाकवून पडलेला, तोंडाखाली लाळेचं थारोळं, हाक मारली तर फक्त शेपटीचं टोक हललं. मला तिथे बसवेना. एसी लावू म्हणाल, पण लाईट गेली की? आणि केस भादरायचे नाहीत हं, उन्हापासून त्यांचाच आडोसा असतो.

लॅब गुणी, माणसांत रमणारा, पण शांत होतो तो दोन-तीन वर्षांचा झाल्यावर, तोवर चपला, चार्जर, सोफा काही सोडत नाही. मोठा झाला की ३० किलोच्या आसपास जातो, खाली मांजर बघून त्याने एक हिसका दिला तर सासूबाई पडतील. बीगल छोटा दिसतो पण शिकारी जात, एकटा पडला की गळा काढतो. पगचं नाक चपटं, उकाड्यात श्वासाचे हाल.

मला विचाराल तर दोन-तीन वर्षांची एक गावठी कुत्री दत्तक घ्या. आखूड केस, इथल्याच हवेत वाढलेली, आणि मोठी असली की स्वभाव समोरच दिसतो. पिल्लाला शी-शूसाठी दर दोन-तीन तासांनी न्यावं लागतं, ते तुमच्याकडे कोण करणार? तरी पिल्लूच हवं असेल तर ८ आठवड्यांच्या आतलं विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, कुणी त्याहून लहान दाखवलं तर उठून या. रेबीजबरोबर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही द्या, पावसात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं. गोचिड्यांचं औषध डॉक्टरांना विचारून.

पण त्याआधी एक करा. आठवडाभर मुलाला सकाळी सहाला उठवून रिकामा पट्टा हातात घेऊन गेटपर्यंत फेरी मारायला लावा, पाऊस असला तरी. त्याला हे जमलं तर कुत्री बघायला जा, आणि जाल तेव्हा सासूबाईंना नक्की न्या, एकदा नाही दोनदा, दिवसभर तिच्यासोबत त्याच असणारेत.