पेर्गामोनचा खर्च फुगला कसा? एका एस्टिमेटवाल्याचं उत्तर

धागाकर्त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: बर्लिनला गेलो तर पेर्गामोन संग्रहालय बंद. निम्मं 2027 ला उघडणार, उरलेलं 2037 ला, आणि एकूण खर्च दीडशे कोटी युरोंपर्यंत जाणार म्हणतात. सगळा सरकारी पैसा. 'मग जर्मनीत आणि आपल्या पीडब्ल्यूडीत फरक काय? पैसे खाल्ले कुणी?'

वरच्या बहुतेक प्रतिसादांचा सूर 'सगळीकडे मातीच्याच चुली' असा आहे. माझी नोकरी जुन्या सरकारी इमारतींच्या दुरुस्तीची एस्टिमेटं करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खाणारे असतातच, पण या प्रकरणात मला आधी जमिनीबद्दल बोलायचं आहे.

पेर्गामोन ज्यावर उभं आहे ते बर्लिनचं संग्रहालय बेट म्हणजे श्प्रे नदीतलं बेट. खाली दलदल, भूजल अगदी वर. पेर्गामोनचं पहिलं संग्रहालय 1901 मध्ये उघडलं आणि पाया खचायला लागल्यामुळे दहा वर्षं व्हायच्या आत पाडावं लागलं. आजची इमारत 1910 ते 1930 अशी वीस वर्षं बांधली जात होती. आराखडा काढणारा आल्फ्रेड मेसेल काम सुरू होण्याआधीच, 1909 मध्ये वारला. मग पहिलं महायुद्ध, मग महागाईचा तो भयंकर काळ. इतक्या हातांतून गेलेल्या बांधकामाचे नकाशे किती खरे असणार, हे ज्याने एकदा तरी जुनी इमारत उघडली आहे त्याला विचारा.

सध्याच्या दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्याचा मूळ आकडा होता 26.1 कोटी युरो, आणि ज्या प्राचीन ग्रीक वेदीसाठी हे संग्रहालय ओळखलं जातं तिचं दालन 2019 ला उघडायचं होतं. काम सुरू झाल्यावर जमिनीखाली काँक्रीट-पोलादाची दोन पंपघरं सापडली. मूळ बांधकामाच्या वेळी पाणी उपसायला उभारलेली आणि तिथेच गाडून टाकलेली. नकाशात त्यांचा पत्ता नव्हता. ती फोडून काढल्याशिवाय नवा पाया घालता येईना. त्यात कंत्राटदारांच्या अडचणी, त्यात भाववाढ. 2016 मध्ये आकडा 47.7 कोटींवर गेला आणि तारीख 2023 वर. नंतर तीही गेली, 2027 आली आणि आकडा 48.9 कोटी झाला.

इथे कुणी म्हणेल, पंपघरांचं निमित्त झालं, आत काय शिजलं कुणास ठाऊक. म्हणून त्याच बेटावरच्या आणखी दोन इमारती शेजारी ठेवून बघू. मला या प्रकरणात सगळ्यात बोलकी हीच जोडी वाटते.

नॉयेस म्युझियम 2009 च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं आणि काम मंजूर रकमेच्या आत झालं. जेम्स सायमन गॅलरी 2019 मध्ये उघडली, ती 7.1 कोटींवरून 13.4 कोटींवर गेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चिखल तोच, खर्च करणारं सरकार तेच, आणि आर्किटेक्टही एकच: डेव्हिड चिपरफील्ड. माणसं चोर किंवा नालायक असती तर दोन्हीकडे सारखीच चोरी व्हायला हवी होती.

माझ्या मते फरक पायाच्या वेळापत्रकात आहे. नॉयेस म्युझियम महायुद्धात बॉम्बने फुटलं आणि कित्येक दशकं तसंच भग्नावस्थेत उभं होतं. भिंती उघड्या, तुळया उघड्या, जे होतं ते डोळ्यांसमोर. शिवाय पाया सावरण्याचं काम 1986 पासूनच, पूर्व जर्मनीच्या काळात, हाती घेतलेलं होतं. मोठा आकडा ठरला तेव्हा जमीन काय आहे हे कळून चुकलं होतं. जेम्स सायमन गॅलरी मात्र नदीला लागून कोऱ्या जागेवर. पाया घालायचा तो पाण्याखाली, पाणबुडे उतरवून. ते काम फसलं, कंपनी बदलावी लागली, आणि वर्षं गेली.

आपल्याकडेही हेच घडतं, फक्त आपण त्याला 'सुप्रमा' म्हणतो, सुधारित प्रशासकीय मान्यता. गाभ्यातली अडचण अशी की मंजुरी मिळवायला आकडा हवा, खरा आकडा कळायला फरशी उखडायला हवी, आणि फरशी उखडायला मंजूर पैसा हवा. मग एस्टिमेटवाला काय करतो? नकाशावरून मापं काढतो, डीएसआरचे, म्हणजे सरकारी दरसूचीतले, दर लावतो, आकस्मिक खर्चासाठी तळाशी थोडे टक्के टाकतो आणि फाइल वर पाठवतो. ते टक्के जरा वाढवून लिहिले की वरून शेरा येतो: 'कमी करावे.' जास्तीचा आकडा कुणालाच नको असतो, मंत्र्यालाही नाही आणि वर्तमानपत्रालाही नाही. कमी आकड्यावर भूमिपूजन होतं. पुढे भिंतीत सडलेली तुळई निघाली की 'एक्स्ट्रा आयटम', म्हणजे मूळ एस्टिमेटात नसलेली कामं, सुरू. लोकांना वाटतं खर्च वाढला. बऱ्याचदा तो तेवढाच असतो, लिहिलेला कमी असतो.

पेर्गामोनच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2037 पर्यंत चालणाऱ्या दक्षिण भागात, जर्मनांनी यातून काहीतरी घेतलेलं दिसतं. तिथे बांधकामाचे सुमारे 72.2 कोटी वेगळे दाखवलेत आणि जोखीम व भाववाढीचे सुमारे 29.6 कोटी वेगळे. दीडशे कोटींच्या बातमीत हे सगळं एकत्र मिसळलं आहे: पहिल्या टप्प्याचे 48.9 कोटी, दुसऱ्याचं काम, आणि वर ही राखीव रक्कम. बातमी वाचून आपण 'खर्च फुगला' म्हणतो, पण जोखमीचा आकडा आधीच उघड लिहिणं हे मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. हा आकडाही पुरणार का, ते जमीन ठरवेल.

कुणीतरी वर विचारलंय की सगळ्या वस्तू बाहेर काढून इमारत मोकळी का करत नाहीत, स्वस्त पडेल. पडलं असतं. पण इश्तार दरवाजा, म्हणजे प्राचीन बॅबिलोनचं नगरद्वार, ही काचेच्या कपाटातली वस्तू नाही. विटांचे तुकडे जुळवून तो इमारतीच्या आतच उभा केलेला आहे, मिलेटस या प्राचीन शहराचं बाजारद्वारही तसंच. ते काढता येत नाहीत, जागच्या जागी झाकून, कंपनांवर लक्ष ठेवून आजूबाजूला काम करावं लागतं. असल्या कामाला दर लावणं महाकठीण. डीएसआरमध्ये असा आयटम नसतो.

आणि सगळा दोष जमिनीवरही ढकलू नका. आम्सटरडॅमचं राइक्सम्युझियम 2003 मध्ये पाच वर्षांच्या बोलीवर बंद झालं आणि एप्रिल 2013 मध्ये उघडलं, खर्च 37.5 कोटी युरो. तिथे एक मोठं भांडण सायकलींचं होतं. इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. स्पॅनिश आर्किटेक्ट क्रूझ आणि ऑर्टिझ यांना तिथे प्रवेशद्वार हवं होतं, सायकलस्वारांच्या संघटनेने नकार दिला, आराखडा बदलावा लागला. पुढे मुख्य कामाच्या टेंडरला एकच बोली आली, तीही अंदाजापेक्षा कितीतरी वर. सायकली आजही तिथूनच जातात. लोकांना आधी विचारलं असतं तर वर्षं वाचली असती, पण तेव्हाही कुणीतरी 'उशीर का' म्हणून ओरडलंच असतं.

आता मूळ प्रश्न, पैसे खाल्लेत हे ओळखायचं कसं. मी आपल्याकडच्या फाइलीत काय बघतो ते सांगतो. कंत्राट अंदाजापेक्षा फार खाली गेलं आणि पहिल्या काही महिन्यांतच एक्स्ट्रा आयटमांची रांग लागली, तर संशय घ्या. खालची बोली त्या आशेवरच भरलेली असते. नवा आयटम निघाला असेल तर उघडलेल्या जागेचा फोटो आणि एमबीतली, म्हणजे मोजमाप वहीतली, नोंद आहे का ते बघा. पंपघर सापडलं तर ते दाखवता येतं. जुन्याच आयटमचं प्रमाण, म्हणजे प्लास्टर, रंग, फरशी, अचानक दुप्पट झालं तर मात्र जमिनीचा काही संबंध नाही, भिंती रातोरात वाढत नसतात. माहिती अधिकारात मागायचंच असेल तर एकूण खर्चाऐवजी मूळ एस्टिमेटची तारीख आणि त्याआधी किती चाचणी खड्डे घेतले ते मागा. उत्तर 'निरंक' आलं तर पुढचं तुम्हाला कळेल.

धागाकर्त्यांना शेवटचं: 2027 ला पुन्हा जाणार असाल तर वेदी आणि उत्तरेकडचा भाग बघायला मिळेल. इस्लामी कलेचा विभागही तिकडेच हलतोय, म्शात्ता या जुन्या वाळवंटी राजवाड्याच्या दर्शनी भिंतीसकट. इश्तार दरवाजासाठी मात्र 2037. तोवर बेटावर नॉयेस म्युझियम उघडं आहे, इजिप्तच्या राणी नेफर्तितीचा प्रसिद्ध अर्धपुतळाही तिथेच आहे.