वाचकांचे प्रश्न : विधायकांना पत्र लिहिताना

प्रश्न : आम्ही राजेंद्र नगरात राहतो. घरात 78 वर्षांच्या सासूबाई, 64 वर्षांचे यजमान आणि मी. यजमान एका खाजगी कंपनीच्या कार्यालयातून निवृत्त झाले असून त्यांना महिना 2,300 रुपये पेन्शन मिळते; मी घरी शिकवण्या घेते. गेल्या पावसाळ्यात यजमानांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया करावी लागली. सासूबाईंचे आयुष्मान कार्ड आहे, म्हणून यजमानांचेही नाव निघेल या आशेने दवाखान्यात समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा कुटुंब ओळख क्रमांक) दाखवला, पण ते पात्र नाहीत असे उत्तर मिळाले. 86,000 रुपयांचे बिल भरण्यासाठी माझ्या पाटल्या गहाण टाकल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत. मला आमच्या विधायकांना (आमदारांना) पत्र लिहायचे आहे, परंतु शेजारी म्हणतात की योजना दिल्लीची, इथे लिहून काय होणार? पत्र लिहावे का, आणि लिहावे तर त्यात काय असावे?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, पत्र अवश्य लिहा. योजना केंद्राची आहे हे शेजाऱ्यांचे म्हणणे खरे असले, तरी ती दिल्लीतच संपत नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीमध्ये आहे. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण मिळते, आणि मध्य प्रदेशासारख्या राज्यात तिच्या खर्चातला 60 टक्के वाटा केंद्राचा व 40 टक्के राज्याचा असतो. केंद्राने लाभार्थी ठरवले ते 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून. परंतु संबल कार्ड (असंघटित कामगारांसाठीच्या राज्याच्या योजनेचे कार्ड) असलेली आणि रेशनची पात्रता पर्ची मिळालेली कुटुंबे या योजनेत आली ती आपल्या राज्याच्या निर्णयाने. यादी एकदा राज्याने वाढवली आहे, म्हणजे ती पुन्हाही वाढवता येते, आणि आपल्या पत्राचा सगळा आधार हाच आहे.

आपल्या घरात जे घडले त्याचे कारण असे, की ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान संरक्षण मिळू लागले. त्यामुळे एकाच छपराखाली सासूबाई आत आहेत आणि मुलगा बाहेर. त्याला आत येण्यासाठी अजून 6 वर्षे थांबावे लागेल, आणि पित्ताशयातले खडे तोवर थांबत नाहीत. कंपन्यांची, दुकानांची, लहान शाळांची नोकरी करून निवृत्त झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची इंदुरात हीच अवस्था आहे. ती गरिबांच्या यादीत बसत नाहीत आणि खाजगी विम्याचा त्या वयातला हप्ता त्यांना पेलत नाही. हात पसरायचा नाही या शिकवणीत वाढल्यामुळे ती याविषयी बोलतही नाहीत. ताई, हक्काची मागणी करणे म्हणजे हात पसरणे नव्हे, हे मला मनापासून सांगावेसे वाटते.

आता पत्राचा मजकूर. पहिली गोष्ट म्हणजे, बिलाच्या मदतीचा अर्ज आणि धोरणाची मागणी एका कागदावर आणू नये. उपचारासाठी मुख्यमंत्री स्वेच्छानुदानातून साहाय्य मागता येते आणि विधायकांची शिफारस त्याला जोडता येते, पण तो अर्ज वेगळा करावा. दोन्ही एकत्र लिहिले, तर कार्यालयातला माणूस पत्र मदतीच्या फायलीत लावतो आणि मागणी तिथेच बुडते.

दुसरी गोष्ट, मागणी एकच असावी. ‘सर्वांना मोफत उपचार द्यावेत’ असे लिहिल्यास ‘शासन प्रयत्नशील आहे’ एवढेच उत्तर येईल. त्याऐवजी, यादीबाहेरच्या कुटुंबांना वार्षिक हप्ता भरून योजनेत येण्याची मुभा द्यावी, असे मागावे. शेजारच्या राजस्थानने 2021 मध्ये आपल्या चिरंजीवी योजनेत हे केले. तेथे मोफत गटात न बसणाऱ्या कुटुंबांसाठी वर्षाला 850 रुपये हप्ता ठेवला होता. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सर्व रहिवाशांना खुली करण्याचे ठरवले आणि त्याची अंमलबजावणी 1 जुलै 2024 पासून केली. पुण्यातल्या नातेवाइकांकडून आपण हे ऐकले असेलच. ही दोन उदाहरणे दोन वाक्यांत द्यावीत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्राच्या शेवटी विधायकांना नेमके काय करायला सांगायचे, ते लिहावे. ‘योग्य कार्यवाही करावी’ हे शब्द टाळून, ‘येत्या अधिवेशनात आपण हा प्रश्न विचारावा’ असे लिहावे आणि प्रश्न तयार करूनच द्यावा : इंदूर जिल्ह्यात आयुष्मान कार्ड नसलेली कुटुंबे किती, त्यांना हप्ता घेऊन सामावण्याचा विचार विभागाने केला आहे काय, आणि केला असल्यास खर्चाचा अंदाज किती? सभागृहात प्रश्न लागला की विभागाला आकडे जमवून उत्तर द्यावे लागते. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पुरवणी प्रश्नही विचारता येतात. अतारांकित असेल तर लेखी उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे कायमची नोंदली जातात, आणि पुढच्या पत्राची सुरुवात त्या उत्तराच्या तारखेने करता येते. आपले विधायक मंत्री असतील, तर मात्र ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा मागणी मंत्रिमंडळात मांडण्याची विनंती त्यांना करावी, आणि प्रश्नाचा मसुदा जिल्ह्यातल्या दुसऱ्या सदस्याकडे द्यावा. 230 जणांच्या विधानसभेत इंदूर जिल्ह्याचे 9 सदस्य आहेत.

पत्र हिंदीत आणि एका पानात बसवावे. आपली हकीकत चार ओळींहून अधिक नसावी, पण सासूबाईंचे कार्ड आणि यजमानांचे बिल यांच्या छायाप्रती शेजारी शेजारी जोडाव्यात. त्या दोन कागदांना वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. मतदारसंघाचे नाव मतदार ओळखपत्राच्या मागच्या बाजूला सापडेल. पत्र शक्यतो स्वतः नेऊन द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते आणि विभागांचे अंदाज त्याआधी तयार होतात, म्हणून दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत पत्र पोहोचलेले असावे.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने याच विषयावर एकसारखी छापील पत्रे तयार केली आहेत. प्रत्येकीने एकेक टपालाने पाठवावे काय?
— एक वाचक भगिनी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : एकसारख्या पत्रांचा गठ्ठा कार्यालयात एकच पत्र म्हणून मोजला जातो. त्यापेक्षा सर्वांच्या सह्यांची एक याचिका तयार करावी. आपल्या विधानसभेत सदस्य नागरिकांच्या याचिका सभागृहात सादर करतात आणि त्यांच्यासाठी वेगळी याचिका समिती आहे. सहीसमोर नाव आणि पत्ता स्वच्छ अक्षरात असावा. याचिकेबरोबर, ज्या दोन-तीन घरांवर उपचारांसाठी कर्ज काढण्याची वेळ आली, त्या भगिनींनी आपल्या हाताने लिहिलेली पत्रे जोडावीत, आणि ती द्यायला जाताना त्यांनाच पुढे बसवावे.