‘नमस्कार’मधला ‘न’ गेला कुठे?

प्रश्न : मी धरमपेठेत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. माउस धरून मनगट दुखतं, म्हणून भाच्यानं जीमेलमधले कीबोर्ड शॉर्टकट सुरू करून दिले. तेव्हापासून भुताटकीच चालू आहे. उत्तर लिहायला घ्यावं, तर समोरचा मेलच गायब! परवा एका क्लायंटला लिहिलेलं फीचं उत्तर सीसीमधल्या तिघांनाही गेलं, आणि तेही ‘मस्कार सर’ अशा सुरुवातीचं. शॉर्टकट बंद करून टाकू का?

उत्तर : नका करू, ताई. भूत सापडलं.

तुम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिता, बरोबर? मेल उघडला आणि ‘रिप्लाय’ न दाबता थेट ‘नमस्कार’ टाइप करायला लागलात. लिहायची चौकट उघडलेली नसली की जीमेलसाठी प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. ‘एन’ दाबलात, तो नुसता पुढच्या निरोपावर सरकला. मग ‘ए’. ‘ए’ म्हणजे रिप्लाय ऑल. चौकट उघडली, सगळे पत्ते भरले गेले आणि उरलेला ‘मस्कार’ त्यात उमटला.

मेल गायब होतो त्या दिवशी तुम्ही ‘हॅलो’नं सुरुवात करत असाल. त्यातला ‘ई’ म्हणजे अर्काइव्ह. मेल पुसला जात नाही, इनबॉक्समधून उठून ‘ऑल मेल’मध्ये जाऊन बसतो. तिथे बघा, सगळे असतील. लगेच लक्षात आलं तर ‘झेड’ दाबा, परत येतो.

तेव्हा आधी ‘आर’, मग नमस्कार. ‘आर’नं उत्तर एकालाच जातं. पाठवायला कंट्रोल-एंटर. आणि सेटिंग्जमध्ये ‘अनडू सेंड’, म्हणजे पाठवलेला मेल परत घ्यायची मुदत, 30 सेकंदांवर ठेवाच. मुळात असलेल्या 5 सेकंदांत तर चष्मासुद्धा सापडत नाही. बाकीची यादी पाठ करायची गरज नाही. अडलंच, तर शिफ्ट धरून प्रश्नचिन्ह दाबा, पूर्ण तक्ता समोर येतो.

गूगल कॅलेंडरमध्ये मात्र जपून, तिथे ‘ई’चा अर्थ वेगळा. निवडलेली नोंद दुरुस्तीला उघडते. ‘सी’नं नवी नोंद, ‘टी’नं आजचा दिवस, ‘एम’नं महिना. दरमहा जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-1 या फॉर्मची 11 तारीख आणि जीएसटीआर-3बी ची 20 तारीख एकदाच ‘सी’ दाबून टाका, ‘दर महिन्याला’ निवडा, सुटलात.

उद्या सरांनी आउटलुक घेतलं तर आणखी एक गंमत. तिथे कंट्रोल-एफ म्हणजे शोधणं नाही, फॉरवर्ड! बर्डीतल्या माझ्या जुन्या ऑफिसात मी जुनं बिल शोधायला म्हणून ते दाबलं आणि ‘टू’च्या रकान्यात साहेबांचं आडनाव टाइप करून बसलो होतो. पाठवलं नाही, एवढंच नशीब.